नमुना एक, माल दुसरा!

दिवाळीची सुटी तोंडावर आली आहे. शाळांना कुलपे लागतील, पेढ्यांवर चोपडीपूजन होईल आणि भिवंडीतील घराघरांतून वर्षातून एकदाच विचारला जाणारा तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल : यंदा जायचे कुठे? कोणी अलिबागचे नाव काढील, कोणी महाबळेश्वरचे, कोणी गणपतीपुळ्याचे. मग हातातला मोबाईल उघडला जाईल, त्यावर एकाहून एक सुंदर चित्रे झळकतील आणि शिक्षकाने, सायझिंगमधल्या कारकुनाने, लहानशा मागवाल्याने वर्षभर पोटाला चिमटा घेऊन बाजूला टाकलेली रक्कम बोटाच्या एका स्पर्शाने कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात जाऊन पडेल. ही रक्कम पडण्यापूर्वीच आम्हांस आमच्या वाचकांशी चार शब्द बोलायचे आहेत, आणि ज्यांच्या खात्यात ती पडते त्यांच्याशी चार शब्द अधिक.

कारण पुढे काय घडते ते आता कोणापासून लपून राहिलेले नाही. सुटीवरून परतलेल्या कोणत्याही कुटुंबाला विचारा. जाहिरातीत निळेशार पाणी भरलेला तलाव असतो. प्रत्यक्षात शेवाळ धरलेली एक टाकी असते आणि तिच्या कडेला ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी असते. जाहिरातीत ‘समुद्रदर्शन’ असते. प्रत्यक्षात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून मान वाकडी केली असता नारळीच्या दोन झावळ्यांमधून समुद्राची वीतभर रेघ दिसते. ‘चोवीस तास गरम पाणी’ सकाळी सात ते आठ एवढेच येते. ‘घरगुती भोजन’ म्हणजे शेजारच्या ढाब्यावरून आणलेली डाळ. खोलीत चार खाटा म्हणून सांगितले असते, तेथे दोन असतात आणि उरलेल्या दोघांसाठी एक ओलसर गादी जमिनीवर टाकली जाते. व्यवस्थापकाला जाब विचारावा तर तो शांतपणे म्हणतो, ‘साहेब, फोटो जुने आहेत.’ फोटो जुने आहेत, पण दर मात्र यंदाचा आहे!

अंतराची मोजदाद तर स्वतंत्र प्रकरणच आहे. जाहिरातदारांनी किलोमीटर हे माप केव्हाच टाकून दिले. ते आता मिनिटांत मोजतात. ‘ठाण्यापासून अवघ्या वीस मिनिटांवर’ ही अक्षरे वाचून अंजूरफाट्यावर किंवा माणकोली नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या भिवंडीकराला हसावे की रडावे ते कळत नाही. ही मिनिटे मध्यरात्री मोजली की हेलिकॉप्टरने, हे विचारण्याची सोय नाही. तोच प्रकार गावांच्या नावांचा. माथेरानला मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटार जात नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तरीही ‘माथेरान, गाडी थेट दारापर्यंत’ अशी जाहिरात कोणी केली, तर ती खोली नेरळच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशीच असणार, हे उघड आहे. पायथ्याची खोली वाईट असते असे नव्हे. पण डोंगरमाथ्याची हवा विकून पायथ्याचा उकाडा देणे, याला व्यापार म्हणत नाहीत.

आणि व्यापार म्हणजे काय, हे भिवंडीला कोणी शिकवण्याची गरज नाही. हे गाव कापडावर जगते. येथला कोरा माल नमुन्यावर विकला जातो. सुताचा काउंट किती, रीड किती, पीक किती, पन्हा किती इंच, हे सौद्याच्या वेळी ठरते आणि तागा उलगडला की भिंगाखाली धागे मोजले जातात. पीक कमी भरले किंवा पन्हा अर्ध्या इंचाने उणा आला, की घेणारा माल परत तरी करतो किंवा भाव तरी तोडतो. त्या वेळी कोणी मागवाला ‘साहेब, नमुना जुना आहे’ असे म्हणाला, तर त्याला पुढच्या आठवड्यात कोणी दलाल दारात उभा करणार नाही. या गावातील बाजाराची ही रीत कायद्यालाही मान्य आहे. 1930 च्या माल विक्री कायद्यात वर्णनावर विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे आणि नमुन्यावर विकलेला माल नमुन्याशी जुळला पाहिजे, अशा दोन सरळ अटी सांगितल्या आहेत. मौज अशी, की दिवसभर भिंगाखाली धागे मोजणारा आमचा व्यापारी रात्री घरी येऊन चित्र पाहून खोली घेतो आणि आगाऊ पूर्ण पैसे भरून मोकळा होतो. कापडाचे पैसे तो माल पाहून, आणि बहुधा मुदतीने, देतो. आपल्या बायकामुलांच्या चार दिवसांच्या सुखाचे पैसे मात्र माल न पाहता, रोख आणि आगाऊ देतो!

खोली म्हणजे कापड नव्हे, ती सेवा आहे, म्हणून माल विक्रीचा कायदा तिला लागू नाही, असे कोणी वकीलबंधू आम्हांस सांगतील. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण म्हणून या देशात अशा फसवणुकीला कायदा नाही असे मात्र नाही. 1872 च्या करार कायद्यापासूनच असत्य निवेदनावर मिळवलेली संमती रद्द करता येते. 1867 च्या सराई कायद्याने तर सराईच्या चालकावर खोल्या आणि ओटे स्वच्छ ठेवण्याची, छपरे व भिंती दुरुस्त ठेवण्याची, पहारेकरी नेमण्याची आणि दरांचा तक्ता लावण्याची जबाबदारी टाकली होती. परक्या राजवटीने घोड्या-बैलांच्या जमान्यातील वाटसरूसाठी जेवढी काळजी वाहिली, तेवढी आजच्या प्रवाशाच्या वाट्याला प्रत्यक्षात येत नसेल, तर उणीव कायद्याच्या पुस्तकात नसून ते उघडणाऱ्या हातांत आहे.

कारण पुस्तक तर आता जाडजूड झाले आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून अमलात आला. सेवेचा दर्जा आहे त्याहून निराळा सांगणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकहिताला बाधक अशी खोटी जाहिरात करणाऱ्या सेवादात्याला दोन वर्षांपर्यंत कारावासाचीही तरतूद आहे. हल्ली तलावाच्या काठी उभे राहून, हात पसरून, ‘एकदा तरी याच!’ असे सांगणारे जे तरुण-तरुणी मोबाईलवर दिसतात, त्यांनाही हा कायदा सोडत नाही. शहानिशा न करता खोट्या जाहिरातीची शिफारस केली, तर दंड त्यांनाही आहे आणि वर्षभर शिफारस करण्यास मनाई होऊ शकते. पैसे किंवा फुकटचा मुक्काम घेऊन केलेली स्तुती ही जाहिरात आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये बजावले आहे. ‘फक्त एकच खोली शिल्लक!’ अशी खोटी घाई उडवणे आणि शेवटच्या पानावर गुपचूप नवे आकार चिकटवणे, हे दोन्ही प्रकार नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवले आहेत.

ज्यांच्या दुकानात हा माल मांडला जातो, त्या ऑनलाईन बाजारपेठांची कथा आणखी उद्‌बोधक आहे. ‘आम्ही केवळ मध्यस्थ, खोलीशी आमचा संबंध नाही,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. परंतु 2020 च्या ई-वाणिज्य नियमांत असे लिहिले आहे, की विक्रेत्याने दिलेले वर्णन आणि चित्रे ही मूळ वस्तूच्या किंवा सेवेच्या स्वरूपाशी व दर्जाशी थेट जुळतात, अशी हमी या मध्यस्थाने विक्रेत्याकडून लिहून घेतली पाहिजे. त्याच नियमांत असेही आहे, की सेवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला पैसे परत करण्यास नकार देता येणार नाही. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे, हेही तेथेच आहे. मग ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही जी अट बारीक अक्षरांत छापलेली असते, ती कोणाच्या जोरावर? आमच्या मते ती अट ग्राहकाने आपला बेत बदलला तर लागू होऊ शकेल. मालकाने खोलीच बदलली तर ती तोंडावर फेकावी अशीच आहे. बुद्धिबळाच्या पटावर एका बाजूने सोंगट्या बदलायच्या आणि दुसऱ्या बाजूने मात्र खेळ सोडायचा नाही, असा हा न्याय!

येथे आम्हांस एका इंग्रज गृहस्थाची आठवण होते. जार्व्हिस हे त्यांचे नाव. ते सॉलिसिटर होते, एका स्थानिक संस्थेच्या नोकरीत होते आणि त्यांना वर्षाकाठी पंधरवड्याची रजा मिळत असे. 1969 च्या नाताळासाठी त्यांनी एका प्रवासी कंपनीचे माहितीपत्रक वाचून स्वित्झर्लंडमधील पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी 63 पौंड 45 पेन्स मोजले. पत्रकात घरगुती मेळाव्याचे वचन होते, इंग्रजी बोलणारा यजमान होता, दुपारचा चहा आणि केक होते, डोंगरी गायकाची एक संध्याकाळ होती. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात तेरा पाहुणे होते आणि दुसऱ्या आठवड्यात जार्व्हिससाहेब एकटे. यजमानाला इंग्रजी येत नव्हते. केकच्या जागी बटाट्याचे काप आणि कोरडी वडी आली. गायक आला तो कामाच्या कपड्यांत. घाईघाईने चार-पाच गाणी म्हणून निघून गेला. खालच्या न्यायालयाने जार्व्हिस यांना अर्धे पैसे परत देवविले. ते वर गेले. 1972 मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने त्यांना 125 पौंड दिले, म्हणजे त्यांनी भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. कारण, न्यायालयाच्या मते, त्यांनी विकत घेतली होती ती खाट नव्हती, आनंद होता. आणि तो न मिळाल्याने झालेली निराशा हेही नुकसानच होय. पुढे 1975 मध्ये श्रीलंकेतील एका फसलेल्या सहलीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बायकामुलांच्या निराशेचीही भरपाई कुटुंबप्रमुखाला मंजूर केली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आपल्याकडे अशा प्रसंगी शेजारीपाजारी म्हणतात, ‘जाऊ द्या हो, चार दिवसांचा तर प्रश्न होता.’ चार दिवसांचाच प्रश्न होता, हे खरे. पण ज्याला वर्षातून चारच दिवस मिळतात, त्याचा तो सगळा वर्षाचा प्रश्न असतो. धनिकाची एक सुटी बिघडली तर तो पुढच्या महिन्यात दुसरी घेतो. पण दहा-बारा तासांच्या पाळीत मागांच्या गोंगाटात कान बधिर करून घेणाऱ्या मुकादमाने, थकलेल्या आईला एकदा समुद्र दाखवावा म्हणून, तीन हप्त्यांत जमवलेले पैसे परत जमत नाहीत. आणि जमले तरी आई तोवर थांबेलच असे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1993 मध्ये, लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात, ग्राहकाला सोसाव्या लागलेल्या मनस्तापाची भरपाई देता येते, असा निर्वाळा दिला आहे. म्हणजे हा मनस्ताप कायद्याच्या दृष्टीने हवेतली गोष्ट नाही. त्याची किंमत होते आणि ती मागता येते.

मागावी कुठे? येथे एक महत्त्वाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. 1986 च्या जुन्या कायद्याखाली सामान्यतः प्रतिपक्ष जेथे असेल किंवा व्यवहार जेथे घडला असेल तेथे तक्रार न्यावी लागे. दोन रात्रींच्या पैशांसाठी भिवंडीहून सिंधुदुर्गाला चार खेपा कोण घालणार? फसवणाऱ्याचे खरे भांडवल हेच होते. 2019 च्या कायद्याने ते काढून घेतले. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे आता तक्रार करता येते. भिवंडीकराला ठाण्याला जाणे पुरते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वकील हवाच असेही नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक 1915 आहे. आणि खोलीच अस्तित्वात नसेल, पैसे घेऊन माणूसच नाहीसा झाला असेल, तर तो सायबर गुन्हा होय आणि त्यासाठी 1930 हा क्रमांक तासाभराच्या आत फिरवणे शहाणपणाचे. मात्र त्यासाठी पुरावा लागतो. जाहिरातीचे चित्र पैसे भरण्यापूर्वीच जपून ठेवावे, खोलीत पाऊल टाकताच सामान सोडण्याआधी तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि व्यवस्थापकाशी भांडण्याऐवजी त्याला लेखी कळवावे. तागा उलगडून भिंग लावणाऱ्या गावाला यात अवघड ते काय?

हे सांगताना आयोगांची आजची अवस्था झाकून ठेवण्याची आमची इच्छा नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे; तारखांच्या माळा मात्र वर्षानुवर्षे वाढत जातात. आयोगांवरील रिकाम्या जागा सरकारे भरत नाहीत म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. न्याय देणाऱ्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या आणि ‘जागो ग्राहक जागो’ म्हणून भिंती रंगवायच्या, ही सरकारची स्वतःचीच एक दिशाभूल करणारी जाहिरात नव्हे काय? 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी जे काम स्वयंसेवकांच्या बळावर चालवले, त्याच्या पाठीशी सरकारने निदान पुरेसे न्यायासन तरी उभे करावे.

तारांकित दर्जाबद्दलही एक शब्द. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे हॉटेलांचे तारांकन ऐच्छिक आहे. जो मागत नाही त्याला कोणी तारे देत नाही. पण तो स्वतःच आपल्या पाटीवर तीन तारे रंगवून घेतो आणि वाटसरूला वाटते, सरकारने दिले असतील. ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये मानक काढले, तेही ऐच्छिकच. सगळाच प्रामाणिकपणा ऐच्छिक ठेवला, की तो कोण स्वीकारतो हे निराळे सांगायला नको.

आता आमच्या अंगणाकडे. दुसऱ्याच्या गावातील खोल्यांची झडती घेणे सोपे असते. परंतु आपला भिवंडी तालुका हाही मुंबई-ठाण्याच्या माणसाच्या दृष्टीने सुटीचाच प्रदेश आहे, हे आपण विसरतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गावे आपल्याच तालुक्यात आहेत. 1739 मध्ये वसई सर झाली आणि चिमाजी अप्पांचा नवस म्हणून वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. तानसेच्या काठची उन्हाळी आणि 1961 मध्ये समाधिस्थ झालेल्या नित्यानंदांचे गणेशपुरी यांमुळे येथे पाहुण्यांचा राबता कधी थांबला नाही. पूर्वी हे पाहुणे धर्मशाळेत पथारी टाकत. धर्मशाळेने त्यांना कधी निळ्या पाण्याचे चित्र दाखवले नाही. चार भिंती, एक विहीर आणि डोक्यावर कौले एवढेच तिचे वचन होते आणि ते ती पाळी. आज त्याच पट्ट्यात आणि वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा विश्रामगृहे, फार्महाऊसे आणि ‘रिसॉर्ट’ उभी आहेत. त्यांतील कित्येक चांगली आहेत, सचोटीने चालवली जातात, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण खोट्या चित्रांचा पहिला बळी हा प्रामाणिक मालकच असतो. तो आहे ते चित्र देतो, शेजारी नाही ते देतो आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे वळते. ‘नैसर्गिक उष्णोदकाचे स्नान’ म्हणून बंबातले पाणी दिले गेले, तर फसलेला मुंबईकर त्या एका जागेला शिव्या देत नाही; तो सगळ्या गावाला देतो.

म्हणून सुरुवात येथूनच व्हावी अशी आमची सूचना आहे. ग्रामपंचायती या जागांकडून घरपट्टी घेतात, ना हरकत दाखले देतात. दाखला देणाऱ्याला खोल्या मोजण्याचे काम जड जाऊ नये. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी या तीन ग्रामपंचायतींनी पंचायत समितीच्या मदतीने भाड्याने मिळणाऱ्या प्रत्येक जागेची नोंदवही करावी. तीत खोल्या किती, खाटा किती, पाणी कोठले, तलाव आहे की नाही आणि चालू आहे की नाही, एवढेच असावे. सोबत पाहणीच्या दिवशी घेतलेले, तारीख घातलेले छायाचित्र असावे. ही नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी खुली ठेवावी आणि दरांचा तक्ता दारात लावण्याची सक्ती करावी. मालकांनीही आपणहून एक रीत पाडावी, ती भिवंडीच्या बाजाराचीच आहे. आगाऊ रक्कम थोडी घ्यावी आणि बाकीची पाहुण्याने खोली उघडून पाहिल्यावर. ऑनलाईन बाजारपेठांना हीच अट सरकारने घालावी. पाहुणा पहिली रात्र राहीपर्यंत त्याचे पैसे मालकाकडे जाऊ नयेत. तक्रार आली तर निकाल लागेपर्यंत ते तेथेच अडकून राहावेत. आज अडकून पडतो तो पाहुणा, परगावी, रात्री, मुलेबाळे आणि पेट्या घेऊन!

या सूचनेला खर्च म्हणावा असा नाही. एक वही, एक कॅमेरा आणि आठ दिवस फिरणारे दोन ग्रामसेवक एवढ्याने ती होण्याजोगी आहे. चैत्री अमावास्येच्या वज्रेश्वरीच्या यात्रेला अजून सहा महिने आहेत. गटविकास अधिकाऱ्यांनी ठरवले, तर यात्रेकरू येण्यापूर्वी ही यादी तिन्ही ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागू शकेल. ती लागली की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही आमचा बातमीदार त्या आठवड्यात तिन्ही गावांत पाठवू आणि त्याला जे दिसेल ते याच पानावर छापू.